चाळीस वाव रेशीम

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला सुतळी म्हणायचं नाही. वय झालंय, रंग उडालाय, मधे मधे तंतू सुटलेत, ते सगळं कबूल. पण मी रेशमाची आहे. आठ पदरांची आणि चाळीस वाव लांब. दोन्ही हात पसरले की एक वाव होतो, असे चाळीस. खोल समुद्रातला मासा धरायला माझा जन्म झाला, आणि झाला कुठं, तर म्हैसुरात, जिथून समुद्र बघायचा तर दिवसभर बसचे धक्के खात घाट उतरावा लागतो. मला विणणाऱ्या बाईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मासळी बाजारात तिनं जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. ऐकायचंय? मग बसा. गोष्ट गोड नाही, हेही आत्ताच सांगते, मागून तोंडं वाकडी करू नका.

लष्कर मोहल्ल्यात रणोजीराव शिंप्यांचं दोन खोल्यांचं घर. रणोजीराव मशीनवर बसायचे आणि त्यांची बायको अंबूताई दारातल्या खिळ्यापाशी. त्या खिळ्याला आठ पदर अडकवायचे, प्रत्येकाच्या टोकाला एकेक दगडी गोटी बांधायची, आणि गोट्या एकमेकींवरून टाकत टाकत गोफ विणायचा, हे तिचं काम. एके काळी दसऱ्याच्या हत्तींच्या झुलींना तिच्या हातचे गोफ लागायचे. बन्नीमंटपला मशालींच्या खेळात घोडेस्वार निघायचे, त्यांच्या खांद्यांवरही तेच. असा हात अख्ख्या मोहल्ल्यात दुसरा नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. तीच सांगायची. पुढं राजवाड्याकडचं काम आटलं, गोफ मागणारं कुणी उरलं नाही. हात मात्र उरले. रिकामे हात किती वळवळतात ते मी त्या घरात पाहिलंय.

त्यांना एकच मुलगा, तिरुमल. कडकोळच्या कारखान्यात फिटर होता. एक दिवस उठला आणि कॅनडाला गेला. "दोन वर्षं, आई," म्हणाला. तिसरं वर्ष सरत आलं तेव्हा एक निळं हवाई पत्र आलं. रणोजीरावांनी ते मोठ्यानं वाचलं, कारण अंबूताई दुसरीच्या पुढं शाळेत गेली नव्हती.

तिरुमलानं लिहिलं होतं की आता तो एका म्हाताऱ्याच्या मासेमारीच्या बोटीवर जातो. तिकडं सॅमन नावाचा मासा आहे, तो खोल पाण्यात राहतो. बोट हळूहळू चालवायची आणि मागं शिशाचं वजन लावून दोरी खोल सोडायची. दोरीच्या टोकाशी एक चमचा चमचम फिरत राहतो. मासा त्याला लहान मासळी समजून तोंड घालतो आणि गळात अडकतो. तिकडचे जुने कोळी आपलं सामान आपणच करतात. म्हाताऱ्यानं सांगितलंय, ज्याच्या घरच्या सामानानं मासा वर येईल त्याला मी बोटीत भागीदार करीन. भागीदार झालो की हंगाम संपल्यावर दर वर्षी दोन महिने घरी येईन.

"आई, तुझ्या गोफाइतकं बळकट मी काही बघितलं न्हाई," रणोजीराव वाचत होते. "चाळीस वाव करून दे. तेवढी खळ मात्र लावू नकोस. नुसतं जवसाचं तेल पाज."

अंबूताईचा हात माळेकडं गेला. "अय्यो विठ्ठला! माझ्या गोफानं जीव मारायचा?"

रणोजीरावांनी पत्राची घडी घातली. "नको तर नको. सुम्ने, उगाच वाद कशाला? लिहितो, आईला जमत न्हाई म्हणून."

"कुणाला जमत न्हाई?"

एवढंच बोलली आणि पायांत चपला घालून विठ्ठलाच्या देवळात गेली. तिथं ती काय बोलली ते मला तिच्याच तोंडून कळलं, विणताना ती माझ्याशी बोलायची. देवाला म्हणाली होती, "पाप माझ्या नावावर लाव. पोरगं घरी आण. बाकीचं तू आणि मी नंतर बघून घेऊ."

अशी मी जन्माला आले. चांगलं पिळदार रेशीम आणलं. सव्वा महिना गोट्या टकटक वाजत राहिल्या. माझी लांबी घरात मावेना तेव्हा मला गल्लीत या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून ठेवलं. येणारेजाणारे वाकून जायचे. एकानं विचारलं, "अंबूताई, हत्ती बांधायचाय का?" ती म्हणाली, "पोरगं बांधायचंय. वाका."

रणोजीरावांनी बाकीचं सामान केलं. वीणा करणाऱ्याकडून पोलादी तार आणली, माशाच्या दातांनी तुटू नये म्हणून गळाशी ती जोडायची होती. देवघरातली नव्हे, स्वयंपाकघरातली पितळी पळी ठोकून तिचा चमचा केला. ओल्या वाळूत बेलफळ दाबून साचा केला आणि त्यात शिसं ओतून गोळा पाडला. मला पीळ बसू नये म्हणून एक फिरकी घडवली. आयुष्यभर बाह्या आणि कॉलर जोडलेला माणूस, पण काय सुबक केलं सगळं! आम्ही एकत्र मांडलेले दिसलो तेव्हा मला माझाच हेवा वाटला.

मग अंबूताईनं चिंचोके भाजायला घेतले.

रणोजीराव मशीन थांबवून म्हणाले, "काय करतीस?"

"खळ."

"त्यानं लिहिलंय, खळ नको."

"त्याला काय कळतंय? तो पोटात होता तवा मी खळच शिजवत होते."

"पाण्यात जाणार हाय गोफ, अंबू."

"आणि हत्तीवर पाऊस पडत नव्हता व्हय? भर दसऱ्यात भिजले माझे गोफ. एक तरी सुटला? बिनखळीचा गोफ या घरातनं जाणार न्हाई. सुतळीच पाठवायची तर बाजारातनं आणा."

"साकु," रणोजीराव म्हणाले. पुरे, एवढाच त्याचा अर्थ. पुन्हा मशीनकडं वळले.

खरं सांगते मित्रांनो, तेव्हा मी तिच्याच बाजूची होते. खळ अंगावर चढली तशी मी ताठ झाले, लखलखले. गाठी तिनं खळ ओली असतानाच मारल्या, फिरकीशी एक, गोळ्याशी एक. वाळल्यावर त्या खड्यासारख्या घट्ट बसल्या. तिनं नवऱ्याला आणि शेजारच्या दोघांना मला लोंबकळायला लावलं. गाठ तसूभर हलली नाही. "बघा," ती म्हणाली. तिघांनीही बघितलं. पाऊस वरून पडून ओघळून जातो आणि समुद्र चहूबाजूंनी आत शिरतो, हे त्या घरात कुणाला ठाऊक असणार? मलाही नव्हतं.

मांजरपाटात गुंडाळून तिनं मला शिवलं. टाके इतके बारीक की पोस्टातला कारकून म्हणाला, "अम्मा, हे फोडायला कात्री नाही, वकील लागेल." वर लाखेच्या मोहरा बसल्या. तीन महिने अंधारात गेले.

तिरुमलानं ब्लेडनं टाके कापले. मला नाकाशी धरलं आणि डोळे मिटून बसून राहिला. मग बोटांनी चाचपलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "लावलीच खळ," तो स्वतःशीच म्हणाला. मला गरम पाण्यात घालून खळ काढायची तर गाठी सोडायला हव्या होत्या. आईनं मारलेल्या गाठी सोडाव्या असं त्याला वाटेना. दोन वेळा नख लावलं आणि दोन्ही वेळा काढून घेतलं. सकाळी मला तशीच घेऊन तो बोटीवर गेला.

समुद्र कसा होता विचाराल तर राखेच्या रंगाचा होता, आणि थंड. बोटीचा मालक पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा म्हातारा. पितळी चमचा हातात घेऊन तो म्हणाला, "छान काम आहे." तिरुमल म्हणाला, "माझ्या बापाचं." "आणि दोरी?" "आईची." म्हाताऱ्यानं मान हलवली. मी खाली सुटले. दहा वाव, वीस, तीस. शिशाचा गोळा मला ओढत होता, चमचा मागं फिरत होता, आणि मी फुगत होते. खळ विरघळायला लागली. आधी चिकट झाली, मग बुळबुळीत, मग गेली. ज्या जाड, ताठ अंगावर गाठी आवळल्या होत्या ते अंगच उरलं नाही. आत मी बारीक, मऊ, मोकळी.

आणि तेव्हाच मासा आला.

त्याला मी पाहिलं. दुसऱ्या कुणीच पाहिलं नाही. चांदीसारखा, पाठीवर काळे ठिपके, एखाद्या वासराएवढा. त्यानं चमच्याला तोंड घातलं, गळ रुतला, आणि त्यानं अशी धाव घेतली की वर मला जिला बांधलं होतं ती बोटीची काठी वाकून पाण्याला लागली. तिरुमल ओरडला. कन्नडमध्ये ओरडला, मराठीत ओरडला. मी तुटले नाही, मित्रांनो. माझा एक पदरही तुटला नाही, हे लिहून ठेवा. फिरकीपाशी गाठ हळूच सरकली, साबण लावलेल्या हातातून बांगडी निघावी तशी. फिरकी, तार, चमचा, गळ आणि मासा, सगळं गेलं. गोळ्याची गाठ पाठोपाठ सुटली. मी हलकी, रिकामी वर आले.

म्हाताऱ्यानं मला बोटांत धरलं. बोटांना पांढरा चिकट लेप लागला. "तुझ्या आईनं दोरीला लापशी चारली काय?" त्यानं विचारलं. बोटीवरचे हसले. तिरुमलही हसला. मग म्हणाला, "मासा मोठा होता."

"असेल," म्हातारा म्हणाला. "वर आला नाही."

संध्याकाळी तिरुमल पत्र लिहायला बसला. मी समोर खुर्चीवर ठिबकत होते. एक कागद लिहून फाडला, दुसरा फाडला. माझ्याकडं बघून म्हणाला, "खरं लिहिलं तर ती खिळ्याला परत हात लावायची न्हाई. मग जगायची कशावर?" तिसऱ्या कागदावर त्यानं लिहिलं की आई, तुझ्या गोफानं वासराएवढा मासा वर आणला. मालकानं मला भागीदार केलं. पुढच्या दसऱ्याला येतो.

त्या पत्रात मासा होता, बोट होती, भागीदारी होती. गाठ सुटून रिकामी वर आलेली मी तेवढी नव्हते.

पुढं काय झालं ते तुम्हीही सांगू शकाल. म्हैसुरात अंबूताईनं पत्र भजनाच्या बायकांना दाखवलं, उलटं धरून का होईना. "माझ्या गोफावर तिकडं बोट चालते," ती म्हणायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिनं नवऱ्याला स्टेशनावर पाठवलं. ते एकटेच परत आले. पाठोपाठ पत्र आलं, यंदा हंगाम लांबला. ती म्हणाली, "बोट सोडून कसा येईल? मालक हाय तो." आणि नवा गोफ विणायला बसली. दर वर्षी एक. दर वर्षी खळ आदल्या वर्षापेक्षा दाट, कारण पत्रात कौतुक आदल्या वर्षापेक्षा मोठं.

पार्सल यायचं तेव्हा तिरुमल ते दोन्ही हातांनी घ्यायचा, वजन बघायचा आणि ट्रंकेत माझ्या अंगावर ठेवायचा. एकदाही फोडलं नाही. भागीदारी त्याला मिळालीच नाही. दोन हंगाम दुकानातल्या तारेवर दुसऱ्यासाठी मासे ओढले, मग बोट सुटली, मग लाकडाच्या गिरणीत रात्रपाळी. घरी यायचं तर यावं कसं? म्हैसुरात तो बोटीचा मालक होता. स्टेशनावर उतरून पहिल्याच माणसाला काय सांगणार? खोटं बोलून त्यानं आईचे हात चालू ठेवले, आणि त्याच खोट्यानं त्याची वाट बंद केली. रात्रपाळीहून आला की तो ट्रंकेवर बसून बूट काढायचा. बस, तेवढीच आमची भेट.

अकरा पार्सलं झाली आणि एक दिवस ट्रंक उचलली गेली.

ती म्हैसुरात आणणारे पांडुरंगराव. नंजनगूडच्या एका कारखान्यात इंजिनियर, मोहल्ल्यातलेच. कामानिमित्त तिकडं गेले होते, तिरुमलाला शोधून भेटले होते. ट्रंक त्यांनी उंबऱ्यात ठेवली. अंबूताईचे केस पार पांढरे झाले होते, पण पाठ ताठ.

"मावशी, तिरुमल खोली सोडत होता," पांडुरंगराव म्हणाले. "म्हणाला, हे आईला पोचवा. दसऱ्याला बाहुल्या मांडते, त्यांना वापरील."

"खोली सोडून कुठं चाललाय?"

"देशात आत कुठंतरी, लांब. गिरणी बंद पडली ना. नवा पत्ता ठरला की कळवतो म्हणाला."

"गिरणीशी त्याचा काय संबंध? बोट कुणावर सोडली?"

पांडुरंगरावांनी रणोजीरावांकडं बघितलं. "कुठली बोट, मावशी?"

तिनं त्यांना कॉफी दिली.  ते गेल्यावर कडी लावली आणि ट्रंक उघडली.

एकेक पार्सल तिनं उजेडात धरलं. मोहरांकडं बघितलंच नाही, टाक्यांवरून अंगठा फिरवला. "माझाच टाका," म्हणायची आणि बाजूला ठेवायची. "हाही माझाच." अकरा वेळा. शेवटी मी खाली राहिले. तिनं मला टोकापासून बोटांत घेतलं. जिथं गाठ होती तिथं रेशमाला अजून वळ होता. तिथं ती थांबली. जिभेच्या टोकाला मला लावलं. खारट.

"हितं सुटली," ती म्हणाली.

"काय?" रणोजीरावांनी विचारलं.

"गाठ. खळ विरघळली पाण्यात."

 रणोजीराव म्हणू शकले असते की मी सांगितलं होतं. त्यांनी म्हटलं नाही, म्हणून मी त्यांना मानते.

"कागद घ्या," ती म्हणाली. "लिहा. खळ लावली ही माझी चूक."

रणोजीरावांचं पेन थांबलं. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं.

"लिहा म्हणते ना! तू लिहिलं होतंस, मी ऐकलं न्हाई. मासा नको. बोट नको. रिकामा ये. स्टेशनावर कुणी विचारलं तर म्हण, आईचा गोफ सुटला. मी सांगते सगळ्यांना." आणि तिनं सांगितलंही. भजनाच्या बायकांना, गल्लीला, पोस्टातल्या कारकुनाला. जिनं जन्मभर स्वतःच्या हाताचं कौतुक केलं, ती दारोदार सांगत फिरली, माझ्या हातून चुकलं. त्याला यायला रस्ता मोकळा व्हावा म्हणून.

पण पत्र जायला पत्ता लागतो. जुन्या पत्त्यावर टाकलं ते चार महिन्यांनी शिक्के घेऊन परत आलं. दुसरं टाकलं, तेही आलं. तिसरं परत येण्याआधी अंबूताई गेली. शेवटच्या दुखण्यात तिची बोटं गादीवर गोट्या टाकत होती, एकावरून एक, एकावरून एक. रणोजीराव ती बोटं धरून बसले होते. तिरुमलाला हे अजून ठाऊक नाही. पांडुरंगराव पुन्हा तिकडं गेले तेव्हा त्यांनी चौकशी केली. कुणाला काही सांगता आलं नाही.

अकरा पार्सलं तिच्याबरोबर चितेवर गेली. मला रणोजीरावांनी ठेवून घेतलं. रिठ्याच्या पाण्यात उकळून माझी उरलीसुरली खळ त्यांनी काढली आणि जवसाचं तेल पाजलं, तिरुमलानं लिहिलं होतं अगदी तसं. आता मी समुद्रात जायला तयार आहे, मित्रांनो. आता माझी गाठ सुटणार नाही. आणि मी परसात बांधलेली आहे, माझ्यावर एक धोतर आणि एक टॉवेल वाळतो.

कधीकधी रणोजीराव मला चाचपत विचारतात, "खरंच मोठा होता का ग मासा?"

होता. वासराएवढा होता. तुमच्या पोरानं तेवढं खोटं लिहिलं नव्हतं. पण हे त्यांना सांगायला मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

तुम्हाला कुणी काही हातानं करून दिलं आणि ते मोडलं, फाटलं, सुटलं, तर तसं सांगा. रडून सांगा, भांडून सांगा, पण त्याच दिवशी सांगा. आणि तुम्ही करून दिलेल्या वस्तूबद्दल कुणी एक ओळ लिहिली, तर तुमचा हात कितीही मोठा असो, ती ओळ ऐका. माझं काय, मी रेशीम आहे, अजून वीस वर्षं वाळणीला टिकेन. माणसं तेवढी टिकत नाहीत.

अकरा वाजले की गल्लीत पोस्टमनची सायकल वाजते. पूर्वी रणोजीराव मान वर करायचे. आता करत नाहीत.